हार्डवेअरचा कुठला आकडा कुणाचा?

सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, स्पेसी, यांतलं कुठलंही टूल उघडलं की प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, डिस्क, तापमान असं सगळं एका जागी नीट मांडलेलं दिसतं. त्यामुळे वाटतं की ही माहिती एकाच ठिकाणाहून आली आहे. तसं नसतं. काही आकडे चिप स्वतः सांगते, काही बायोस (मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणारं सॉफ्टवेअर) सांगतो, काही विंडोज, आणि काही नावं तर टूलबरोबर आलेल्या यादीतून उचललेली असतात. रॅम मागवायची असेल किंवा वापरलेला लॅपटॉप घ्यायचा असेल, तर कुठला आकडा कुणाकडून आला हे आधी बघावं.

प्रोसेसरचं नाव बहुतेक वेळा बिनधोक असतं, कारण ते चिपमधूनच वाचलं जातं. मदरबोर्ड आणि सीरियल नंबरचं तसं नाही. ते एसएमबायोस नावाच्या तक्त्यातून येतात आणि हा तक्ता मशीन बनवणाऱ्याने भरायचा असतो. असेंबल केलेल्या पीसीवर सीरियलच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ दिसलं, तर बिघाड काही नाही. कुणी तो रकाना भरलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रॅममध्ये सर्वांत जास्त घोटाळे होतात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधल्या मेमरीवर ‘स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २’ दिसतं, तेही त्याच तक्त्यातून. तक्ता चुकीचा भरलेला असेल तर प्रत्यक्षात नसलेला स्लॉटही दिसतो. म्हणून त्याच पानावरचं ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. ‘सोडिम’ असेल तर काढता-घालता येणारी पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, ती बदलता येणार नाही. तरीही पैसे भरण्याआधी मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल बघावी किंवा खालचं झाकण उघडून खात्री करावी.

वेगाचा घोळ वेगळा. डीडीआर४ ३२०० ची पट्टी सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये १६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसते आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. डीडीआर म्हणजे दर आवर्तनाला दोनदा डेटा, तेव्हा त्या आकड्याची दुप्पट करायची. दुप्पट करूनही कमी भरत असेल तर दोन गोष्टी तपासा. ३२०० च्या जोडीला २६६६ ची पट्टी लावली की दोन्ही २६६६ वर चालतात. आणि डेस्कटॉपवर ३६०० ची पट्टी बायोसमध्ये एक्सएमपी (पट्टीतच लिहून ठेवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू करेपर्यंत मूळच्या कमी वेगावरच राहते. पट्टीचा पार्ट नंबर सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये मिळतो. तो पट्टीवरच्या छोट्या चिपमधून येतो, त्यामुळे नवी जोडी मागवताना तोच वापरावा.

डिस्ककडे वळू. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, १ टीबीची ९३१. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. कुणी जागा खाल्लेली नाही.

डिस्कच्या तब्येतीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे टूल पुरेसं आहे. साटा जोडणीच्या हार्ड डिस्कवर त्यातल्या यादीत ०५ म्हणजे बदललेले सेक्टर आणि सी५ म्हणजे वाचता न आल्याने अडकून पडलेले सेक्टर. सी५ शून्याहून जास्त असेल तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. सी७ मात्र सहसा केबलचा दोष दाखवतो, त्यासाठी डिस्क फेकू नका, केबल बदलून बघा. मग आकडा वाढायचा थांबतो, मागे मात्र येत नाही. इथे एक सापळा आहे: कच्चे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात दिसतात, म्हणजे ६४ लिहिलेलं असलं तर ते १०० असतात. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दहाचा पाया निवडा. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीवर हे आकडे नसतात, तिथे ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ बघायचं. वापरलेल्या लॅपटॉपची ‘पॉवर ऑन अवर्स’ नक्की वाचा. विंडोज नव्याने टाकलं, डिस्क फॉरमॅट केली, तरी तो आकडा शून्य होत नाही. यूएसबी केसमधली डिस्क काही वेळा टूलमध्ये दिसतच नाही, कारण केसमधली चिप ही माहिती पुढे पाठवत नाही.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी काही टूल्स ४ जीबीच दाखवतात, कार्ड ८ चं असलं तरी. विंडोजचा एक जुना रकाना ३२ बिटांचा आहे, त्यात त्याहून मोठा आकडा मावत नाही. अशा वेळी जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्डाच्या टूलवर भरवसा ठेवा. बनावट एनव्हीडिया कार्ड ओळखता आलं तर हे टूल नावापुढे ‘फेक’ असं लिहितं. नवं कार्ड ‘अननोन’ दिसलं तर टूलची यादी जुनी झालेली असू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्स, हार्डवेअर आयडीज इथे ‘व्हेन’च्या (व्हेंडर, म्हणजे चिपची कंपनी) पुढचा क्रमांक वाचा: १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल.

तापमानाच्या यादीत एखादा सेन्सर १२७ अंश दाखवत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा त्या पिनला काही जोडलेलंच नसतं. प्रोसेसरचे कोअर आणि डिस्क, एवढ्यांचं तापमान गंभीरपणे घ्यावं. दोन मॉनिटरिंग टूल्स एकदम चालू ठेवू नयेत, एकाच सेन्सरला दोघं विचारायला गेली की भलतेच आकडे येतात. ही टूल्स ॲडमिन परवानगी मागतात, कारण त्यांना कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, ड्रायव्हर घालावा लागतो. त्यापायी ती मूळ साइटवरूनच उतरवा. अशी काही टूल्स वापरतात त्या विनरिंगझीरो या जुन्या ड्रायव्हरमध्ये त्रुटी आहे आणि विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर तो अडवतो. तसा इशारा आला तर डिफेंडर बंद करण्याऐवजी टूलची नवी आवृत्ती घ्या.

लॅपटॉपच्या बॅटरीसाठी वेगळं टूल लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च सौद्यात धरा.

मदत मागताना स्क्रीनचे फोटो पाठवू नका. सीपीयू-झेडच्या टूल्स मेनूतून रिपोर्ट टेक्स्टमध्ये सेव्ह होतो, विंडोजच्याच एमएसइन्फो३२ मध्येही एक्सपोर्ट आहे. पाठवण्याआधी त्यातले सीरियल नंबर, मशीनचं नाव आणि युजरनेम पुसा.