विहिरीतून निघालेली माती

माणदेशातील एका माध्यमिक शाळेत मी दहावीला गणित शिकवते. आमच्याकडे सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका बाहेरून छापून येतात आणि महत्त्वमापनावर त्यांत विहिरीचे एखादे उदाहरण बहुधा असतेच. यंदाचे उदाहरण असे होते: ७ मीटर व्यासाची व १६ मीटर खोल वर्तुळाकार विहीर खोदून निघालेली माती २२ मीटर लांब व १४ मीटर रुंद जागेवर सारखी पसरून ओटा तयार केला, तर ओट्याची उंची काढा. विहिरीचे घनफळ ६१६ घनमीटर, ओट्याच्या तळाचे क्षेत्रफळ ३०८ चौरस मीटर, म्हणून उंची २ मीटर. या प्रश्नाला तीन गुण होते.

उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाच्या उत्तराशी मी थांबले. त्याने सगळ्या पायऱ्या नीट लिहिल्या होत्या, २ मीटर या उत्तराला चौकटही केली होती आणि त्याखाली लिहिले होते, ‘हे गणिताचे उत्तर आहे. खोदलेली माती फुगते, म्हणून ओटा अडीच मीटरच्या आसपास होईल. खाली कातळ लागला असेल तर आणखी जास्त.’ त्याचे वडील विहिरींच्या कामावर यारी, म्हणजे खोदलेली माती वर ओढणारे यंत्र, चालवतात आणि सुट्टीत तो त्यांच्याबरोबर कामावर असतो, हे मला ठाऊक होते. मी त्याला पूर्ण गुण दिले. पण एवढ्यावर हा विषय संपवावा असे मला वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला वर्गासमोर बोलावले.

एरवी फारसा न बोलणारा हा मुलगा त्या दिवशी मोकळेपणाने बोलला. विहीर खोदणाऱ्याला पैसे फुटावर मिळतात आणि माती वाहणारा ट्रॅक्टरवाला ब्रासवर पैसे घेतो, त्यामुळे या दोघांचा हिशोब कधीच जुळत नाही, असे त्याने सांगितले. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आम्ही फळ्यावर मांडून पाहिले, तेव्हा प्रश्नातली विहीर सुमारे २१८ ब्रास भरली, परंतु माती सव्वापट धरली तर वाहतूक २७० ब्रासच्या वर जाते. ‘बाई, हा फरक ज्याला कळत नाही त्याची विहीर तोट्यात जाते,’ असे तो म्हणाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने शंका काढली की, माती तीच आहे, तर ती वाढेल कशी? शंका योग्यच होती. जमिनीत घट्ट बसलेले कण खोदताना मोकळे होतात, त्यांच्यामध्ये हवा शिरते आणि वजन तेवढेच राहून जागा मात्र जास्त लागते. सुरुंगाने फोडलेल्या कातळाचे वेडेवाकडे तुकडे तर दीडपट किंवा त्याहूनही अधिक जागा घेतात.

तरीही निम्म्या वर्गाच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसत होता. शेवटी आम्ही कुदळ आणि घमेले घेऊन मैदानाच्या कडेला गेलो आणि मुरमाड जमिनीत ३० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणला. कडा सरळ ठेवण्यासाठी मुलांनी फूटपट्टी लावून पुन्हापुन्हा तासले. खड्डा २७ लिटरचा, हे सगळ्यांनी तोंडी सांगितले. मग निघालेला मुरूम लिटरच्या मापाने, माप दर वेळी काठोकाठ सपाट करून, मोजायला घेतला. सत्ताविसावे माप ओतले तेव्हा गोणपाटावर अजून बराच ढीग शिल्लक होता आणि मुले एकदम शांत झाली. मोजणी ३४ वर थांबली, म्हणजे जवळजवळ सव्वापट झाली. तोच मुरूम परत खड्ड्यात लोटला तेव्हा वर उंचवटा राहिला आणि पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकल्यावर तो बराच खाली बसला. ‘ओटासुद्धा असाच बसवतात,’ असे त्या मुलाने सांगितले, आणि त्याने उत्तरात ‘आसपास’ हा शब्द का लिहिला होता तेही तेव्हा सगळ्यांना समजले.

प्रश्नातल्या सोप्या आकड्यांना माझा विरोध नाही. कॅल्क्युलेटर नसताना, काही मिनिटांत सोडवायच्या उदाहरणात π ची किंमत २२/७ घ्यायची असेल, तर व्यास ७ आणि लांबी २२ ठेवणे ही मुलांची सोयच आहे. पण वर्षानुवर्षे फक्त असेच आकडे समोर आले की मुले प्रश्न वाचण्याऐवजी आकडे वाचू लागतात. त्रिज्या १४ किंवा २१ दिसली की २२/७, १० दिसली की ३.१४, हे तर झालेच; पण त्रिकोणाच्या बाजू ५ आणि १२ दिसल्या की तो काटकोन त्रिकोण आहे का हे न पाहताच तिसरी बाजू १३ लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहते. उत्तर दशांश अपूर्णांकात आले म्हणून अचूक सोडवलेले उदाहरण खोडून टाकणारी मुले पाहिली की मला अधिक वाईट वाटते. उत्तर पूर्णांकातच यायला हवे हे त्यांना कोणीही शिकवलेले नसते, ते त्यांनी आमच्या प्रश्नपत्रिकांवरून ताडलेले असते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय पातळीवरील चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले गेले की, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांसाठी किती बस लागतील? भागाकार बहुतेकांना जमला, पण ३२ हे उत्तर एक चतुर्थांशाहूनही कमी मुलांनी लिहिले. त्याहून अधिक मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले आणि उरलेले १२ सैनिक कशाने जाणार हा विचार केला नाही. आमच्या वर्गातही एक मुलगा सोडला, तर दोन मीटर उंच ओट्यावर कोण कसे चढणार, असे कोणाच्या मनात आले नव्हते. वास्तविक त्यांतली निम्मी मुले शेतकऱ्यांची आहेत आणि विहीर खोदताना त्यांनी पाहिलेली आहे. माहिती त्यांच्याजवळ होती, ती गणिताच्या पेपरात चालते एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

तास संपताना त्या मुलाने विचारले, ‘बाई, बोर्डाच्या पेपरात हे लिहू का?’ बोर्डात तपासणी नमुना उत्तराच्या पायऱ्यांप्रमाणे होते, तेव्हा आधी विचारल्याप्रमाणे उदाहरण पूर्ण सोडव, उत्तर स्पष्ट लिही आणि वेळ उरला तर खाली टीप लिही, असे मी सांगितले. हे उत्तर देताना मला समाधान वाटले नाही, पण त्याचे तीन गुण धोक्यात घालण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न काढणाऱ्यांना मात्र ‘खोदल्यावर मातीचे घनफळ बदलत नाही असे माना’ हे एक वाक्य सहज घालता येईल. ते वाचून मुलाला निदान कळेल की इथे काहीतरी गृहीत धरलेले आहे.

पुढच्या सराव चाचणीत मी तीच विहीर आणि तीच जागा ठेवली आणि मोकळ्या मातीचे घनफळ मूळ घनफळाच्या सव्वापट होते एवढी माहिती वाढवली. उत्तर अडीच मीटर येते आणि आकडेमोडही फारशी वाढत नाही. बऱ्याच जणांनी ते बरोबर काढले. काहींनी सव्वाने गुणण्याऐवजी भागले आणि ओटा १.६ मीटरचा झाला. त्यांना मी खड्ड्याजवळचा उरलेला ढीग आठवायला सांगितले, तेव्हा फळ्यावर काही न लिहिताच त्यांनी आपली चूक दुरुस्त केली.