सगळ्यात मागची सायकल

मी सायकल टूरवर स्वीपचं काम करतो. म्हणजे ग्रुपच्या सगळ्यात मागे राहायचं, कोण दमलं, कुणाची पंक्चर झाली, कोण फोटो काढत बसलंय, त्याच्यासोबत थांबायचं, माझ्या मागे कुणी राहता कामा नये एवढीच नोकरी. त्यामुळे समुद्रकिनारा मला दिसतो तो कायम अठरा जणांच्या पाठींच्या पलीकडे. तक्रार नाहीये हां.

त्या दिवशी ऑक्टोबरमधली राईड होती, ६२ किमी, समुद्र पूर्ण वेळ डाव्या हाताला. असले दिवस वर्षातनं मोजकेच मिळतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, ऊन तिरपं, सकाळचे दहा वाजले तरी सावल्या लांबच लांब, आणि कड्यावरनं खाली बघितलं की दर वळणाला पाण्याचा रंग वेगळा. रस्त्याच्या कडेला पिवळ्या पानांचे ढीग साचलेले. लोक मुद्दाम त्यातनं सायकल घालतात, चुर्रचुर्र आवाज येतो ना म्हणून. निघताना मी दोनदा सांगितलेलं की पानांखाली काय आहे ते दिसत नाही, लांब राहा, पण तेव्हा सगळे सेल्फीत.

दुपारी तीनच्या सुमाराला एक काकू, साठीच्या आसपासच्या, माझ्या पुढेच होत्या, त्यांनीही मोह आवरला नाही. आधी चुर्रचुर्र, मग एकदम कडाक्. पानातली बोटभर जाडीची डहाळी मागच्या डेरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात, अडकली, चाकाने ती ओढली, आणि डेरेलर मोडून स्पोकवर लोंबकळायला लागला. काकू पडल्या नाहीत हे नशीब.

मोडला होता तो खरं तर हँगर, डेरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. तो मुद्दाम कच्चा ठेवतात, म्हणजे धक्का बसला तर तो तुटावा आणि फ्रेम वाचावी. आयडिया उत्तम, फक्त जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. माझ्या बॅगेत तीन स्पेअर होते, एकही बसेना. सपोर्टची गाडी दुसऱ्या एकाला घेऊन पुढे गेलेली आणि फोनला रेंज नाही. राहिलेलं अंतर २६ किमी.

मग एकच जुगाड उरतो, डेरेलर काढून टाकायचा, चेन तोडून आखूड करायची आणि सायकल एकाच गिअरची करायची. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा मी मागचा जो स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, धरला त्यावरनं चेन तीनशे मीटरमध्ये शेजारच्या मोठ्यावर चढली आणि इतकी ताणली गेली की पॅडल फिरेना. कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या या चक्रांच्या संचाचे, दातच चेन उचलून शेजारी चढवायला बनवलेले असतात, ते त्यांचं काम करणारच. परत उतरलो, परत चेन टूल, हात काळेकुट्ट. दुसऱ्यांदा पुढे ३४ दात, मागे १७, चेन सरळ रेषेत. बसली. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर दोन फेरे, साधारण सव्वाचार मीटर. या सगळ्यात काकू कठड्यावर बसून समुद्र बघत होत्या. मी सॉरी म्हणलं तर म्हणाल्या, "अरे, निवांत कर, सकाळपासून पहिल्यांदा बसून बघायला मिळालंय."

पण खरी चूक माझी होती आणि ती अजून पुढे यायची होती. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकलेले असतात, दिवसा समुद्राकडनं जमिनीकडे, रात्री उलटं. शरदात पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असतं, जमीन तेवढी तापत नाही, म्हणून खारा वारा नरम असेल असं धरून मी ही दिशा ठरवलेली, फार तर डावीकडनं आडवा लागेल. पण कडक ऊन पडलं तर तो येतोच, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे दुपारभर हळूहळू वळत किनाऱ्याच्या रेषेत यायला लागतो. चार वाजता निघालो तेव्हा तो थेट तोंडावर होता. आपला वेग १८ आणि समोरनं वारा २० चा असेल तर अंगाला ३८ लागतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा नसताना लागतो त्याच्या चौपटीहून जास्त. आणि काकूंकडे गिअर एकच.

मग मी पुढे झालो. स्वीप पुढे, असं कधी होत नाही. त्यांना म्हणलं माझ्या चाकामागे हातभर अंतर ठेवा, बाजूला होऊ नका, वारा मी खातो. चढ आला की दोघंही उतरून ढकलत चालायचो. सप्टेंबर संपला की दिवस भराभर आखडतो, सूर्य पाण्यावर टेकायला आला तेव्हा अजून सात किमी होते, मी मागचा लाल दिवा लावून दिला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर एकही पाठ नव्हती, नुसता रस्ता, आणि डावीकडे अख्खा केशरी समुद्र. दोन मिनिटं मी वेग कमी केला, काकूंना वाटलं त्यांच्यासाठीच.

रात्री सगळ्या सायकली गोड्या पाण्याने धुतल्या, मीठ राहिलं तर चेन सकाळपर्यंत तांबूस होते. काकूंना म्हणलं, उद्या माझी सायकल घ्या, मी गाडीत बसतो. तर म्हणाल्या नको, आता या एका गिअरची सवय झालीये, फक्त तू पुढे राहा.