वीज आली, संगणक चालू झाला, पण शेअर केलेला ड्राइव्ह दिसत नाही

वळवाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापुरात वीज जा-ये करत राहते. वीज येते तेव्हा घरातली सगळी यंत्रं एकदम चालू होतात, पण तयार एकदम होत नाहीत. एसएसडी असलेला संगणक अर्ध्या मिनिटात डेस्कटॉपवर येतो, राउटरला त्याहून वेळ लागतो. फोटो आणि हिशोब ठेवलेला सर्व्हर, मग तो रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असो, जुना पीसी असो की नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कपेटी), बहुतेक वेळा सर्वांत शेवटी उठतो. संगणकाला चालू होतानाच शेअर (सर्व्हरने नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) जोडायला सांगितलं असेल तर जोडणी फसते, आणि सर्व्हर आल्यावर तो पुन्हा प्रयत्नही करत नाही. म्हणून घरासाठी ऑटोमाउंट हीच पद्धत धरावी: शेअर सुरुवातीला जोडायचाच नाही, त्या फोल्डरला पहिल्यांदा हात लागला की जोडायचा.

त्याआधी सर्व्हरचा पत्ता पक्का करा. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक) एक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवता येतो, समजा १९२.१६८.१.५०. हे केलं नाही तर राउटर रीस्टार्ट झाल्यावर एखाद्या दिवशी तो आयपी कुणाच्या तरी मोबाइलला जातो आणि सगळी जोडणी कोलमडते.

लिनक्सवर आधी सीआयएफएस-युटिल्स हे शेअर जोडायला लागणारं पॅकेज टाका. ते नसेल तर 'राँग एफएस टाइप' अशी चूक येते आणि माणूस उगाच पर्याय तपासत बसतो. मग ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलीत (काय कुठे जोडायचं त्याची यादी) प्रत्येक शेअरसाठी एक ओळ. तिच्यात सहा रकाने असतात: शेअरचा पत्ता, कुठे जोडायचं ते फोल्डर, प्रकार (सीआयएफएस), पर्याय आणि शेवटी दोन शून्यं. पर्याय स्वल्पविरामांनी जोडायचे, मध्ये मोकळी जागा अजिबात नको. फोल्डरच्या नावातच मोकळी जागा असेल तर तिथे उलटी तिरपी रेघ आणि ०४० लिहायचं. (इथे देवनागरीत दिलेले सगळे शब्द आणि आकडे फाइलीत अर्थातच रोमन लिपीत जातील.)

पर्यायांत सर्वांत महत्त्वाचा एक्स-सिस्टीमडी.ऑटोमाउंट. तो असला की ऑटो-नोऑटोला काही अर्थ उरत नाही. सोबत _नेटडेव्ह (हे नेटवर्कवरचं आहे) आणि नोफेल (जोडणी फसली तरी पुढे जा) ठेवा, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी संगणक दीड मिनिट 'स्टार्ट जॉब'चा संदेश दाखवत अडून राहणार नाही. एक्स-सिस्टीमडी.आयडल-टाइमआउट=६०० दिलं की दहा मिनिटं वापर नसेल तर शेअर आपोआप सुटतो. लॅपटॉप बाहेर नेणाऱ्यांना हे फार उपयोगी. एक्स-सिस्टीमडी.माउंट-टाइमआउट मात्र पाच-दहा सेकंद ठेवू नका, तीस ठेवा. झोपलेली हार्ड डिस्क फिरून वेगात यायलाच दहाएक सेकंद खाते. यूआयडी=१००० आणि जीआयडी=१००० हेही लिहाच (आपला खरा क्रमांक 'आयडी' ही आज्ञा सांगते), नाहीतर सगळ्या फाइलींचा मालक रूट (संगणकाचा मुख्य प्रशासक) दिसतो आणि फोटो उघडतात पण नवा ठेवता येत नाही.

पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल संगणकावरचा कुणीही वाचू शकतो. वेगळी फाइल करा, पहिल्या ओळीत युजरनेम=, दुसऱ्या ओळीत पासवर्ड=, बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा न सोडता. मालक रूट, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि पर्यायांत क्रेडेन्शियल्स= लिहून तिचा मार्ग. शेवटी सिस्टीमसीटीएल डेमन-रीलोड चालवा आणि रिमोट-एफएस.टार्गेट रीस्टार्ट करा.

चूक क्रमांक १३ आली तर नाव-पासवर्ड किंवा परवानगीत घोळ आहे. ११२, म्हणजे 'होस्ट इज डाउन', आली आणि सर्व्हरला पिंग जात असेल तर बहुधा एसएमबीची (शेअर ज्या भाषेत बोलतात त्या प्रोटोकॉलची) आवृत्ती जुळत नाही. २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून लिनक्सने जुनी एसएमबी १ आपणहून वापरणं सोडलं, आणि त्याच वर्षी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने तिच्यातल्याच दोषावर जगभर धुमाकूळ घातला. राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलेल्या डिस्कवर अजून एसएमबी १ च असते असं पुष्कळदा दिसतं. पर्यायांत व्हर्स=१.० लिहून ती जोडली जाईल, पण तसं करू नका. डिस्क काढून रास्पबेरी पायला लावा.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. ऑटोमाउंटशिवायची जोडणी फसली तरी ते रिकामं फोल्डर जागेवरच असतं. त्यात जोतिबाच्या यात्रेचे चाळीस जीबी फोटो टाकले की ते सर्व्हरवर न जाता संगणकाच्याच डिस्कवर जातात आणि ती भरते. त्याहून वाईट म्हणजे रात्री बॅकअपसाठी चालणारा आरसिंक (एका फोल्डरची दुसरीकडे नक्कल ठेवणारी आज्ञा). त्याला डिलीट पर्याय असेल आणि मूळ फोल्डर रिकामं दिसलं, तर तो इमानदारीने बॅकअपही रिकामा करतो. म्हणून शेअर जोडलेला नसताना त्या फोल्डरवर चॅटर +आय (बदल करायला बंदी घालणारी आज्ञा) चालवा, मग रूटलाही तिथे लिहिता येत नाही. अशा जोडणीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ माउंटपॉइंट -क्यूची हवी: जोडलेलं नसेल तर तिथेच थांब. हीच काळजी सर्व्हरवरही घ्या. त्याची यूएसबी डिस्क यूयूआयडीने (डिस्कच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने) जोडा, कारण एसडीए-एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. डिस्क जोडली गेली नाही तर सांबा (सर्व्हरवर शेअर देणारा प्रोग्राम) निमूटपणे रिकामं फोल्डर शेअर करत राहतो.

विंडोजवर ड्राइव्हला अक्षर देताना 'रीकनेक्ट ॲट साइन-इन'वर खूण करा आणि नाव-पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवा. लाल फुली दिसली तर घाबरू नका. वायफाय येण्याआधी साइन-इन झालेलं असतं, ड्राइव्हवर दोनदा क्लिक केलं की जोडतो. दुकानाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर मात्र त्या क्लिकची वाट पाहत नाही. तिथे टास्क शेड्यूलरमध्ये साइन-इननंतर एक मिनिटाने नेट यूज (ड्राइव्ह जोडणारी आज्ञा) चालवणारं काम लावा. चूक १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरला दुसऱ्या नावाने आधीच जोडणी आहे, जुनी तोडा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून बिनापासवर्डाचा गेस्ट प्रवेश बंद आहे, त्यामुळे सर्व्हरवर एसएमबीपासडब्ल्यूडी -एने खरा वापरकर्ता तयार करावाच लागतो.

जुना पीसी सर्व्हर म्हणून असेल तर बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावा. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, सर्व्हर इन्व्हर्टरवर घ्या आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही, तिथे कॅट-६ केबल ओढा. राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत का तेही पाहा, कारण शंभर मेगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम बारा एमबी मिळतात. आणि पंचगंगेचं पाणी येणाऱ्या भागात सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिला आहे.

सगळं लावून झालं की सर्व्हर नीट शटडाउन करा, संगणक रीस्टार्ट करा आणि फोल्डर उघडा. तीस सेकंदांच्या आत चूक दिसली पाहिजे, रिकामं फोल्डर नव्हे. मग सर्व्हर चालू करा, दोन मिनिटं थांबा आणि तेच फोल्डर पुन्हा उघडा.