तिरक्या टोपीचं विशेषण: जॉन्टी

इंग्रजीत उत्साह दाखवणाऱ्या विशेषणांना तोटा नाही. त्यांत 'जॉन्टी' (jaunty) वेगळं पडतं, कारण मनातल्या आनंदापेक्षा त्याचा डोळा बाहेर दिसणाऱ्या ऐटीवर असतो. टोपी सरळ घातली तर नुसती टोपी. जराशी एका कानावर कलली की ती 'जॉन्टी अँगल'ने घातलेली. चाल, धून, हात हलवून घेतलेला निरोप, बोलण्याचा सूर, असल्याच गोष्टींना ते बहुधा लागतं. 'आनंदी' हा अर्थ त्याला तोकडा पडतो. 'ऐटबाज' बराच जवळचा, पण त्यात तोरा डोकावतो. जॉन्टीत तोऱ्यापेक्षा बेफिकिरी जास्त.

(क्रिकेटवाल्यांना दक्षिण आफ्रिकेचा खेळाडू जॉन्टी ऱ्होड्स आठवला असेल. ते नाव जोनाथनचं लघुरूप. इथे संबंध नाही. विशेषणातला 'जॉ' ब्रिटिश उच्चारात चांगला लांबवायचा.)

शब्दाची कुळकथा फार मजेची आहे. मूळ फ्रेंच 'जाँती', म्हणजे कुलीन, सभ्य. लिहिताना त्याच्या शेवटी 'ल' असतो, उच्चारात तो गळतो. या एकाच शब्दावरून इंग्रजीने तीनदा उचल केली: मध्ययुगात 'जेंटल' (gentle), सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'जेंटील' (genteel) आणि सतराव्या शतकात 'जॉन्टी'. पहिल्या दोघांनी 'ल' जपला. तिसरा फ्रेंच उच्चार कानाने टिपून लिहिलेला, म्हणून त्याचं स्पेलिंगही सुरुवातीला कुठे ठरत नव्हतं. अर्थ खानदानीपणावरून डौलाकडे आणि तिथून या बेफिकीर ऐटीकडे सरकला. भावंडांत वात्रट निघाला तो हाच!

सहलीला म्हणतात त्या 'जॉन्ट'शी मात्र याचं नातं नाही. 'जॉन्टी ट्रिप' लिहिणारे बहुधा तिथेच फसतात. खेळकर मुलासाठीही तो वापरू नये. तिथे 'प्लेफुल' किंवा 'लाइव्हली' बरं. चाचणी सोपी: ती ऐट डोळ्यांना दिसते का, कानांना ऐकू येते का? नुसती मनात असेल तर शब्द चुकला. क्रियाविशेषण हवं तर 'जॉन्टिली'.

आणि गंभीर मजकुरात जपून. अपघाताच्या बातमीमागे 'जॉन्टी' संगीत होतं असं कुणी लिहिलं, तर ती संगीताची तारीफ नसते. निवडणाऱ्याला पोच नव्हती, असंच त्याला म्हणायचं असतं.