मुलाच्या वर्गात एक पिरियड बसण्यासाठी : माझा अनुभव

आमच्या लेकाला ऑटिझम आहे. थेरपीला तो तासभर नीट बसतो आणि शाळेच्या डायरीत मात्र रोज लाल शेरा: 'कान झाकून बसतो, काम अपूर्ण.' कधी, कशामुळे, ते कोणी लिहीत नव्हतं. म्हटलं, एकदा वर्गात बसून बघू. वर्गशिक्षिका लगेच 'या' म्हणाल्या. अडलं ते ऑफिसात.

'मॅडम, एक आवेदन दे दीजिए.' इंदूरकरांना हे वाक्य पाठ असेल. दिलं. पुढच्या खेपेला ते सापडेचना. पुन्हा लिहून दिलं, तर प्राचार्य भोपाळला गेलेले. मग 'बाकी बच्चों की प्राइवेसी'. मग मीटिंग. शेवटी पोटातलं ओठावर आलं: 'आज आपको बिठाया तो कल सब पेरेंट्स आएँगे.' हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! वर सल्ला, सीसीटीव्ही फुटेज मागा. त्याचं आवेदन वेगळं. त्या फुटेजला आवाज नाही, आणि पोराची सगळी अडचण आवाजाचीच. खिडकीतून हे समजावताना माझाच आवाज चढला. चढायलाच हवा होता.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्याच. देत नसतील तर तोच अर्ज शाळेला ईमेल करा.

काम झालं ते भीतीवरच उत्तर दिल्यावर. नव्या अर्जात लिहिलं: एकच पिरियड, मागचा बाक, मोबाइल ऑफिसात जमा, इतर मुलांबद्दल बाहेर अवाक्षर नाही. सोबत थेरपिस्टचं पत्र, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स आणि दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 मधल्या कलम 16 चा उल्लेख. पालकांना वर्गात बसू द्या असं त्यात म्हटलेलं नाही, उगाच तसं ठोकून देऊ नका. पण दिव्यांग मुलाला गरजेप्रमाणे सोयी मिळाव्यात, त्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष राहावं, हे आहे. आणि ते सरकारी मान्यता असलेल्या खाजगी शाळांनाही धरून आहे. बाबूंना ही बातमीच होती. प्राचार्यांनी उभ्याउभ्या सही केली.

पिरियड मधल्या सुट्टीनंतरचा मागा, खरी गडबड तेव्हाच असते. मुलं आत घुसली, बाकं फरशीवरून ओढली गेली, की याचे हात कानांवर. तेवढ्यात बाई म्हणाल्या, 'कॉपी निकालो', म्हणजे वह्या काढा. हात खाली येईपर्यंत बाकीच्यांच्या दोन ओळी उतरवून झालेल्या. नंतर बाईंनी जवळ येऊन नाव घेतलं, बाकावर बोट टेकवलं, तर वही लगेच बाहेर! मी वहीत तीनच रकाने पाडले होते: आधी काय घडलं, त्याने काय केलं, पुढे काय झालं. मतं लिहिली नाहीत. म्हणूनच बाईंनी ते पान आपणहून मागून घेतलं.

हो, आदल्या रात्री त्याला चित्र काढून दाखवा, आई मागे बसेल आणि घंटा झाली की जाईल. तरी सुरुवातीला तो वळून वळून बघत होता. तेवढा वेळ हिशेबात धरू नका.

आता त्याला सुट्टी संपायच्या जरा आधी वर्गात आणतात, बाकावर वहीचं चित्र चिकटवलंय. शेरे अजून येतात, पण शेजारी वेळ लिहिलेली असते.