श्री फुटला त्याची गोष्ट

सोलापुरात नवी पेठेत मित्राचं शेंगा चटणीचं दुकान आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) आधी ऑर्डर घ्यायला वेब पेज पाहिजे म्हणून मागं लागला होता, दिलं करून. त्याचे वडील, म्हणजे काका, म्हणाले पहिलं अक्षर मोठं पाहिजे बघ, लग्नपत्रिकेत असतं तसं. म्हटलं काका, दोन मिनिटांचं काम.

आणि खरंच तेवढंच. सीएसएसमध्ये (पेज कसं दिसावं ते त्यात लिहितात) पी म्हणजे पॅरा, डबल कोलन, फर्स्ट-लेटर, मग फॉन्ट साइझ तिप्पट, फ्लोट लेफ्ट, कुंकवाचा रंग, झालं. एचटीएमएलला, म्हणजे पेजच्या मूळ मजकुराला आणि त्यातल्या खुणांना, हात लावायचा नाही, वेगळा टॅग (तशी खूण) नाही, तरी मजकुराचा नेमका तुकडा पकडता येतो, फर्स्ट-लेटरसारख्या या स्युडो-एलिमेंटची मजाच ती. (जुन्या कोडमध्ये सिंगल कोलन दिसला तर घाबरू नका, १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये तसंच होतं, हॉवर (माउस वर नेला की लागणारं) वगैरेंपासून वेगळं दिसावं म्हणून नंतर डबल आला, फर्स्ट-लेटरला अजून दोन्ही चालतात.)

मजकूर होता ‘श्री सिद्धेश्वराच्या कृपेने...’ माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास. काकांच्या जुन्या फोनवर उघडलं तर पाय मोडलेला श् हा एवढा मोठा आणि शेजारी बारकं ‘री’. काका म्हणाले, “अरे, श्री फोडलास की!”

आपल्याला श्री म्हणजे एक अक्षर, पण आत ते श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार कोडपॉइंट, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी चार वेगळी चिन्हं. जुन्या नियमात हलन्तानंतर तोडलेलं चालायचं, जोडाक्षर अख्खं ठेवायचा नियम युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरवर कशी धरायची ते ठरवणारं मानक) आला तो २०२३ ला, १५.१ मध्ये, आता ते काकांच्या फोनला कोण सांगणार? शेवटी गुपचूप श्रीला स्पॅन नावाचा टॅग लावला. लागलाच हात एचटीएमएलला. त्यात लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी ठेवलेली, त्यामुळं वेलांटी वरच्या हेडिंगमध्ये घुसली, ती वाढवली.

खालच्या कडक भाकरीच्या पॅराला मात्र फर्स्ट-लेटरच ठेवलं होतं. तिथं मित्राला आधी ‘नवीन’ असा शब्द पाहिजे होता, तो मी बिफोरच्या कंटेंटमध्ये टाकला (हा पण स्युडो-एलिमेंटच, सीएसएसमधून पुढं मजकूर जोडणारा), तर ‘क’ राहिला बाजूला आणि ‘न’ मोठा झाला! कारण बिफोरमधला मजकूर पण पॅराच्या सुरुवातीतच धरतात. शिवाय तो सिलेक्ट होत नाही, कॉपी होत नाही. मित्र म्हणत होता भाव पण तिथंच टाक बे, मी नाही म्हटलं, गिऱ्हाईक कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवणार आणि नेमका भावच गायब. भाव साध्या मजकुरातच आहे.

सिलेक्शन नावाच्या आणखी एका स्युडो-एलिमेंटला हळदीचा रंग दिलाय, लॅपटॉपवर मजकूर ओढून सिलेक्ट केला की दिसतो. काकांनी अजून बघितलेला नाही.