एका पायातली चप्पल

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरच्या अभ्यासात मी समन्वयक आहे, मुंबईतच. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड ही तीन औषधं, एकूण 26 आठवडे.

त्या दिवशी अभ्यासातल्या एक रुग्ण ताई तपासणीला आल्या, बाकावर बसल्या, आणि मला दिसलं की उजव्या पायात चप्पलच नाही.

"ताई, चप्पल कुठंय?"

त्यांनी खाली पाहिलं, मग दाराकडे. चप्पल जिन्यात पडली होती. पायातून कधी निसटली, त्यांना कळलंच नव्हतं.

गेले तीन महिने मी दर भेटीला विचारत होते, "पायाला मुंग्या येतात का?" त्या म्हणायच्या, "नाही हो मॅडम." मी तसंच लिहीत गेले. डॉक्टरांनी नसांची जाणीव तपासायला ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा काटा, त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." ताई लगेच म्हणाल्या, "थांबली." डॉक्टरांनी तोच फोर्क त्यांच्या मनगटावर ठेवला, तर तिथे तो अजून थरथरत होता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं.

ताईंच्या दिराला पूर्वी हाच आजार होता. दीड वर्षाहून जास्त गोळ्या, वर इंजेक्शनं, त्यात त्याचे कान गेले. आपण मुंग्यांचं बोललो तर नवी औषधं बंद करून आपल्यालाही तिकडेच पाठवतील, ही ताईंची भीती. संमतीपत्र मीच वाचून दाखवलं होतं. 'तुम्ही कधीही बाहेर पडू शकता' हे वाक्य त्यांनी 'तुम्हाला कधीही बाहेर काढतील' असं ऐकलं होतं. ते मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं.

मुंग्या लिनेझोलिडच्या, हे आम्हाला नवं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी अभ्यासात रोज 1200 मिलिग्रॅम द्यायचे. 109 रुग्णांपैकी सुमारे 90 टक्के बरे झाले, पण 81 टक्क्यांच्या नसांना त्रास झाला. पुढे झेनिक्स अभ्यासात 600 मिलिग्रॅमवर 26 आठवड्यांत हा त्रास 24 टक्क्यांवर आला आणि गुण तसाच राहिला. रुग्णांनी त्रास बोलून दाखवला, कुणीतरी तो नोंदवला, म्हणूनच डोस उतरला. हे मी ताईंना त्यांच्या भाषेत सांगितलं, सावकाश, दोनदा.

डॉक्टरांनी त्यांचा लिनेझोलिडचा डोस 600 वरून 300 केला. औषधं चालूच राहिली.

पुढच्या भेटीला ताई मागे पट्टा असलेली सँडल घालून आल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "डाव्या अंगठ्याला अजून मुंग्या आहेत. लिहा."